कळा आणायची सुई: घाबरायचं कशाला, सांभाळायचं काय?

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातली, आमच्याच वर्गात शिकून गेलेली एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एके दुपारी तिची अम्मी फाईल घेऊन आमच्या दारात. म्हणाली, "टीचर, डॉक्टरीन बोलती तारीख निकल गई, भरती करो, सुई लगाके दर्द लाते. इसके ससुरालवाले बोलते, अभी नौ महिने भी पूरे नहीं हुए. तुम पढ़े-लिखे हो, तुम देखो."

आम्ही कॅलेंडर काढलं. पाळी चुकली त्या दिवसापासून बोटांवर महिने मोजले. हिशोबाने अजून दहा-बारा दिवस बाकी होते. आम्ही म्हणालो, "चार दिवस थांबायला काय हरकत आहे? कळा आपोआप येतील, इन्शाअल्लाह."

पाचव्या दिवशी सकाळी ते लोक दवाखान्यात गेले. रात्रीपासून बाळ हललं नव्हतं. सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत.

आधी भरती झाली असती तर बाळ वाचलंच असतं का? डॉक्टर म्हणाल्या, छातीठोक सांगता येत नाही. पण आमचा हिशोब चुकला होता, एवढं नक्की. आम्ही बीएड केलेलं, मुलांना गणित शिकवणारे, आणि आम्हाला गर्भाचे दिवस मोजता आले नाहीत. त्यानंतर आम्ही या विषयावर वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना विचारत गेलो. आजही महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी फाईल घेऊन दारात येतंच. म्हणून जे समजलं ते एकदा नीट लिहून काढतो आहोत. हा डॉक्टरी सल्ला नाही. डॉक्टरांशी बोलताना कामी यावं, एवढाच हेतू.

आधी हिशोब नीट करू

गर्भाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पाळी चुकली त्या दिवसापासून नाही. तिथून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. सोपी रीत अशी की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी 10 जानेवारीला आली असेल तर तारीख 17 ऑक्टोबर. आपल्याकडे "नऊ महिने नऊ दिवस" म्हणतात ते यापासून फार लांब नाही. चूक होते ती मोजायला सुरुवात कुठून करायची यात.

आता बघा, पाळी चुकल्यापासून नऊ महिने मोजले तर काय होतं? पाळी चुकेपर्यंत 28 दिवस आधीच गेलेले असतात. त्यात नऊ महिन्यांचे 274 दिवस मिळवले की झाले 302 दिवस, म्हणजे 43 आठवडे! घरचे म्हणतात "आता कुठे नऊ महिने भरले", आणि तोवर बाळ तीन आठवडे उशिरात असतं. आमची चूक नेमकी हीच होती. डॉक्टरांच्या हिशोबाने त्या मुलीला 41 आठवडे आणि तीन दिवस झाले होते.

आपल्या घरांत आणखी एक भानगड आहे. बऱ्याच बायका चांद्र महिने धरतात. "रजबच्या चांदरातीला पाळी आली होती" असं त्यांच्या लक्षात असतं, आणि तारीख लक्षात ठेवायची ही चांगलीच रीत आहे. पण चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा. नऊ चांद्र महिन्यांचे होतात साधारण 266 दिवस, म्हणजे 280 ला 14 दिवस कमी. अशा हिशोबात उलटं होतं. तारीख यायच्या आधीच घरचे "दिवस उलटले" म्हणून घाबरतात आणि स्वतःच कळा आणायची घाई करतात. तेही बरं नाही. 37 आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं. श्वास घेणं, दूध ओढणं, अंगाची ऊब टिकवणं, या सगळ्यात त्याला त्रास होऊ शकतो.

यावर उपाय एकच. पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी. त्या वेळी सगळी बाळं जवळजवळ सारख्याच गतीने वाढतात, म्हणून बाळाच्या लांबीवरून काढलेली तारीख सर्वात भरवशाची. आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तारीख दोन-तीन आठवडे इकडे तिकडे होऊ शकते. मुलगी सासरहून माहेरी येते तेव्हा कपडे येतात, दागिने येतात, आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद सासरच्या कपाटात राहतो. तो कागद माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवा. बाळंतपणात त्याची किंमत दागिन्यांपेक्षा जास्त आहे.

कळा आणतात म्हणजे काय करतात?

इंग्रजीत ज्याला इंडक्शन म्हणतात, त्याला आपल्याकडे "सुई लावणं" किंवा "कळा आणणं" म्हणतात. खरं तर सुई हा त्यातला एक भाग झाला, आणि बहुतेक वेळा तो नंतरचा.

गर्भपिशवीचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं. हात लावला तर नाकाच्या शेंड्यासारखं कडक लागतं. दिवस भरत आले की ते मऊ होतं, ओठासारखं. आखूड होतं, पुढे येतं आणि मग उघडायला लागतं. हे सगळं आधी व्हायला हवं. कच्च्या तोंडावर नुसत्या कळा आणल्या तर बाई रात्रभर कळा सोसते आणि दार काही उघडत नाही.

म्हणून डॉक्टर आधी आतून तपासतात आणि गुण देतात. याला बिशप स्कोअर म्हणतात. एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरने 1964 मध्ये ही पद्धत मांडली. तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ आहे की कडक, पुढे आहे की मागे, आणि बाळाचं डोकं किती खाली आलं, असे पाच विषय. एकूण 13 गुण. आठ किंवा जास्त मिळाले तर तोंड तयार आहे असं समजतात. सहा किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करायचं काम.

ते करायचे मार्ग असे:

एक, बोटाने पडदा मोकळा करणं. आतून तपासताना डॉक्टर बाळाच्या पाण्याच्या पिशवीचा पडदा तोंडापासून हलकेच सोडवतात. थोडं दुखतं, थोडं रक्त दिसू शकतं. पण पुढे औषध द्यायची गरज त्यामुळे कमी होते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करते.

दोन, फुगा. लघवीसाठी वापरतात तीच फोलीची नळी गर्भपिशवीच्या तोंडातून आत सरकवतात आणि तिच्या टोकाचा फुगा पाण्याने भरतात. त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडतं. यात औषध नसल्यामुळे कळा अचानक जोरात येण्याची भीती कमी.

तीन, जेल. प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध आतून लावतात. हे फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि महाग असतं.

चार, गोळी. मिसोप्रोस्टॉल. स्वस्त, फ्रिजची गरज नाही. तोंडाने घ्यायची असेल तर मात्रा असते 25 मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाच, सलाईनमधून ऑक्सिटोसिन. हीच ती "सुई". तोंड मऊ झाल्यावर कळा वाढवायला देतात. गरज वाटली तर डॉक्टर पाण्याची पिशवीही फोडतात.

ऑक्सिटोसिन आपल्या शरीरातच तयार होतं, मेंदूच्या तळाशी. हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1906 मध्ये पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळतं हे दाखवलं. 1953 मध्ये व्हिन्सेंट डू व्हिग्नॉड यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे औषध काही काल-परवाचं नाही, आणि शरीराला अनोळखीही नाही.

कळा आणायची गरज कधी पडते?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दिवस उलटणं. पुढच्या दिवसांत वार थकायला लागते. पाणी कमी होतं, बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडू शकतो. बाहेरून काही कळत नाही, बाई ठणठणीत असते, म्हणून तर घरच्यांना पटत नाही. वरच्या उत्पन्नाच्या देशांतल्या दीड कोटी गर्भारपणांच्या नोंदी एकत्र करून 2019 मध्ये एक अभ्यास झाला. त्यात पोटातच बाळ जाण्याचा धोका 37 व्या आठवड्यात हजारी 0.11 होता आणि 42 व्या आठवड्यात हजारी 3.18. अजूनही हजारातली 997 बाळं सुखरूप असतात, हे खरं. पण धोका चढत जातो, हेही तितकंच खरं.

2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 34 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, 21 हजारांहून जास्त बायकांचा. वेळेवर कळा आणलेल्यांच्या गटात 4 बाळं दगावली आणि वाट पाहणाऱ्यांच्या गटात 25. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस साधी आहे. बाकी सगळं ठीक असेल आणि तारीख खात्रीची असेल, तर 41 आठवडे पूर्ण झाले की कळा आणाव्यात. त्याआधी काही कारण नसताना घाई नको.

दुसरी कारणं: बीपी वाढणं, पाणी गेलं पण कळा नाहीत, शुगर ताब्यात नाही, बाळाची वाढ खुंटली, पाणी फार कमी झालं, तळहात-तळपायांना खूप खाज येऊन यकृताची तपासणी बिघडली. यात डॉक्टर 41 आठवड्यांची वाट बघत नाहीत. बीपीमध्ये तर बाळंत होणं हाच खरा इलाज असतो. फिट यायची वाट बघत कुणी बसू नये.

आणि कळा आणायच्याच नाहीत, अशाही वेळा असतात. वार तोंडावर आली असेल किंवा बाळ आडवं असेल तर सिझरच करावं लागतं. आधी सिझर झालं असेल तर जुना टाका उकलण्याचा धोका असतो. अशा बाईला शेवटच्या महिन्यांत मिसोप्रोस्टॉल देत नाहीत. कळा आणायच्याच ठरल्या तर फुग्यासारखा मार्ग निवडतात, आणि तोही मोठ्या रुग्णालयात. म्हणून आधीच्या सिझरचे कागद लपवू नका, घरी विसरू नका.

नागपूरने जगाला काय शिकवलं

ही बाब आपल्या महाराष्ट्राची आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. बीपी वाढलेल्या गर्भवतीत फुगा चांगला की गोळी, हा प्रश्न गरीब देशांत मोठा आहे, कारण जेल परवडत नाही. डॉ. शुचिता मुंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत यावर चाचणी केली. 602 बायका सहभागी झाल्या. 2017 मध्ये ती लॅन्सेट या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आली.

निकाल असा: 25 मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी दिलेल्या बायकांपैकी 57 टक्के 24 तासांत नॉर्मल बाळंत झाल्या. फुग्याच्या गटात 47 टक्के. कळा मर्यादेबाहेर जाण्याचं प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी.

आम्हाला यात दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली, या बायका आपल्यासारख्याच होत्या, सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. त्यांच्यामुळे जगभरच्या डॉक्टरांना उत्तर मिळालं. दुसरी, औषध महाग असलं तरच चांगलं, असं काही नाही. योग्य मात्रा आणि नीट देखरेख असेल तर स्वस्त गोळीही काम करते.

"सुई लावली म्हणून सिझर झालं"

हे वाक्य प्रत्येक मोहल्ल्यात ऐकू येतं. लोकांचा संशय पूर्णपणे खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण 14.3 टक्के निघालं आणि खाजगीत 47.4 टक्के. एवढा फरक बघून कुणालाही प्रश्न पडेल. प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहेच.

पण कळा आणल्यामुळे सिझर वाढतं का, हे वेगळं तपासावं लागेल. अमेरिकेत 6,106 पहिलटकरणींवर चाचणी झाली, 2018 मध्ये निकाल आला. कुठलाही धोका नसलेल्या बायका. निम्म्यांना 39 व्या आठवड्यात कळा आणल्या, बाकीच्यांनी वाट पाहिली. कळा आणलेल्यांमध्ये सिझर 18.6 टक्के, वाट पाहणाऱ्यांमध्ये 22.2 टक्के. म्हणजे वाढलं नाही, कमीच झालं. बीपीचा त्रासही कमी झाला.

याचा अर्थ आपणही सगळ्यांनी 39 व्या आठवड्यात सुई लावून घ्यावी असा नाही. ती अमेरिकेतली रुग्णालयं. आपल्या वॉर्डात एका सिस्टरकडे किती बायका असतात हे आपण पाहतोच. अर्थ एवढाच की सुई आणि सिझर यांचं नातं लोक समजतात तसं नाही. सिझर होतं ते बहुतेक वेळा मूळ कारणामुळे, किंवा तोंड तयार नसताना घाई केल्यामुळे, किंवा पुरेसा वेळ न दिल्यामुळे.

वेळ हा शब्द ध्यानात ठेवा. पहिलटकरणीला गोळीपासून बाळ हातात येईपर्यंत एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. सकाळी गोळी दिली आणि संध्याकाळी बाहेर बाकड्यावर बसलेले दहा नातेवाईक विचारायला लागतात, "अजून काही नाही? मग सिझर करून टाका ना!" हा दबाव डॉक्टरांवरही येतो. आई आणि बाळ ठीक असतील तर पाणी फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर निदान 12 ते 18 तास वाट पाहावी, मगच इंडक्शन फसलं म्हणावं, असं तज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते खरी बाळंतकळा पाच सेंटिमीटरपासून धरावी. त्याआधीचा वेळ लांबतो, तो लांबू द्यावा.

खरा धोका कुठे आहे?

धोका आहे, पण दवाखान्याबाहेर जास्त. तीन गोष्टी स्पष्ट लिहितो.

पहिली, घरी दंडात किंवा कमरेत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. उत्तर भारतातल्या गावांत दाई किंवा अशिक्षित डॉक्टर लवकर मोकळं करण्यासाठी असं इंजेक्शन देतात, हे अभ्यासकांनी अनेकदा नोंदवलं आहे. सलाईनमधून थेंबाथेंबाने का देतात? कारण कळा जास्त झाल्या तर थेंब बंद करता येतो आणि काही मिनिटांत असर उतरायला लागतो. कमरेत एकदम टोचलेलं औषध परत काढता येत नाही. गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. बाळंत झाल्यावर रक्त थांबवायला दिलं जाणारं इंजेक्शन वेगळं. ते 10 युनिटचं असतं, बाळ बाहेर आल्यावर देतात आणि ते जीव वाचवतं. बाळ पोटात असताना मात्र कधीच नाही.

दुसरी, मेडिकलमधून आणलेली गोळी. मिसोप्रोस्टॉलची बाजारातली एक नेहमीची गोळी 200 मायक्रोग्रॅमची असते. मघाचा 25 चा आकडा आठवा. ही आठपट झाली! ब्लेडने आठ तुकडे करून नीट मात्रा मिळत नाही. 25 ची गोळी वेगळी मिळते आणि ती दवाखान्यातच घ्यायची.

तिसरी, औषध देऊन बाईला एकटं सोडणं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल दिलेल्या बाईला देखरेखीशिवाय ठेवूच नये, आणि जिथे गरज पडल्यास सिझरची सोय आहे तिथेच कळा आणाव्यात. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा यायला लागल्या तर ते जास्त आहे, लगेच सिस्टरला सांगा. कळेच्या वेळी बाळाचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो. दोन कळांच्या मधली विश्रांती बाळाच्या श्वासासाठी असते.

एरंडेल, खजूर आणि बाकी नुस्खे

आमच्या खालाजान एरंडेल तेल पाजायच्या. त्याने जुलाब आणि उलट्या होतात, बाई थकते. कळा येतील याचा भरवसा नाही. नको.

खजुराची गोष्ट वेगळी. हजरत मरियम यांना प्रसूतीच्या वेदनांच्या वेळी खजुराच्या झाडाचा आधार मिळाला, हा कुरआनातला प्रसंग आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. जॉर्डनमध्ये 2011 साली यावर एक छोटा अभ्यास झाला. तारखेआधी चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या 69 बायका आणि न खाणाऱ्या 45. खाणाऱ्यांचं गर्भपिशवीचं तोंड भरती होताना जास्त उघडलेलं होतं आणि औषधाची गरज कमी पडली. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठा दावा करता येणार नाही. खजूर खा, पोषक आहे. शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण डॉक्टर भरती व्हा म्हणत असताना "खजूर चालू आहेत" म्हणून घरी बसू नका.

निकाल चांगला यावा म्हणून

कळा आणायच्या दिवशी काय होतं ते बरंचसं आधीच्या आठ महिन्यांवर ठरतं. त्याच पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडासा रक्तस्रावही झेपत नाही. लोहाच्या गोळ्या उशीखाली सापडतात, पोटात जात नाहीत, हे आशाताईंना विचारा. चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घ्या.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. 2016 पासूनची ही योजना आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी 2011 पासून मोफत आहे. 102 किंवा 108 ला फोन करा. प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारावा म्हणून 2017 च्या डिसेंबरपासून लक्ष्य नावाचा कार्यक्रमही सुरू आहे. जवळचं कोणतं रुग्णालय त्यात प्रमाणित आहे, हे आशाताईंकडून जाणून घ्या.

सोबतीची बाई हीसुद्धा एक दवाच आहे. 2016 मध्ये केंद्र सरकारने सरकारी प्रसूतिगृहांत एक सोबतीण ठेवायला परवानगी दिली. अम्मी, आपा, भाभी, जिने स्वतः बाळंतपण अनुभवलं आहे आणि जी घाबरवत नाही, अशी निवडा. "हमारे वक्त में तो मुँह से आवाज नहीं निकालते थे" म्हणणारी नको. आणलेल्या कळा बऱ्याच बायकांना जास्त तीव्र वाटतात. कमर चोळणं, पाणी पाजणं, कूस बदलायला, चालायला मदत करणं, यानेही फरक पडतो.

लेडी डॉक्टरची मागणी करायला लाजू नका, आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी सोय होते. पण रात्री दोन वाजता बाळाचे ठोके कमी झाले आणि समोर पुरुष डॉक्टर असेल तर घरच्यांनी वाद घालू नये. जीव वाचवणं आधी.

आणि निर्णय? बाईला विचारा. आम्ही पाहतो, फाईल सासूच्या हातात, सही नवऱ्याची, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला काय चाललंय ते कुणी सांगतच नाही. तिचं शरीर आहे. तिला समजलं तर तिची भीती अर्धी होते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या, म्हणजे घाईत विसरणार नाही:

1. आजच्या हिशोबाने किती आठवडे झाले, आणि ही तारीख कोणत्या सोनोग्राफीवरून?
2. कळा आणायचं कारण काय? दोन दिवस थांबलं तर काय धोका?
3. गर्भपिशवीचं तोंड कितपत तयार आहे?
4. कोणती पद्धत वापरणार? किती वेळ लागू शकतो?
5. बाळाचे ठोके कोण आणि किती वेळाने तपासणार?
6. सिझर करावं लागलं तर इथेच सोय आहे का? रक्ताची व्यवस्था आहे का?

हे विचारल्यावर चिडणारे डॉक्टर थोडे, शांतपणे सांगणारे जास्त. आमचा अनुभव असा आहे. थांबायचं ठरलंच तर तेही डॉक्टरांना विचारून, आणि मध्ये एक-दोन दिवसांनी बाळाची तपासणी करून. घरच्या कॅलेंडरवर नाही.

आणि या गोष्टींत एक तासही थांबू नका: बाळाची हालचाल कमी वाटणं, पाणी जाणं, अंगावरून रक्त जाणं, जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, ताप. "रात्र झाली, सकाळी बघू" असं म्हणू नका. हालचाल कमी वाटली की त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखान्यात.

शेवटी

यंदा आमच्या आणखी एका विद्यार्थिनीची वेळ आली. तिने पहिल्या सोनोग्राफीचा कागद सासरहून सोबत आणला होता. 41 आठवडे झाले त्या दिवशी सरकारी रुग्णालयात भरती झाली. गोळ्या, मग सलाईन. 31 तास लागले. शेवटी बाळाचे ठोके उतरायला लागले आणि सिझर करावं लागलं. बाहेर कुणीतरी म्हणालंच, "देखा? सुई का नतीजा." आम्ही काही बोललो नाही. आत सिस्टर बाळाला पुसत होत्या आणि ते जोरजोरात रडत होतं.

त्या रात्री आम्हाला पहिली मुलगी आठवली. आता तिला दोन मुलं आहेत, अल्हम्दुलिल्लाह, पण पहिल्याची तारीख ती विसरलेली नाही. आम्हीही नाही. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून देणं नव्हे, आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, हे आपण मुलांना शिकवतो. बाळंतपणातला उंट बांधणं म्हणजे नीट मोजलेली तारीख, जपून ठेवलेला कागद आणि वेळेवर गाठलेला दवाखाना. आपल्या घरात कुणी गर्भवती असेल तर आज तिचं कार्ड काढा, शेवटच्या पाळीची तारीख बघा आणि 280 दिवस मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.